रंगूनची झाडं, कारंज्याचं पाणी

माझं सगळं आयुष्य झाडांना पाणी घालण्यात गेलं. असं सांगितलं की लोक मान हलवतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात. पाणी काय, कुणीही घालतं. लग्नानंतरही काही वर्षं मला तसंच वाटायचं. आम्ही कारंज्याचे फुलमाळी. सासऱ्यांची मोगऱ्याची आणि शेवंतीची वाडी होती. मोटेचं पाणी पाटानं यायचं, एक वाफा भरला की दुसऱ्यात सोडायचं. त्यात भीती कसली? भीती मला शिकवली ती ओंजळीत मावतील एवढ्या लहान कुंड्यांनी.

दिवाळी अंकासाठी माळीकामातलं काही सांगा, असा निरोप आला. मी कौतिक, चौथी शिकलेली. वाचता येतं, पण लिहिताना हात दमतो. म्हणून मी बोलते आणि नातसून लिहून घेते. भाषा तिनं सरळ केली आहे. माणसांचं बोलणं तेवढं जसंच्या तसं ठेव, असं मी तिला बजावलंय. हार, गजरे, लग्नाच्या मुंडावळ्या यांचं सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मी त्या कुंड्यांचंच सांगते.

करीमशेठ रुईचे व्यापारी. पुढे गादी, मागे जनाना, असं त्यांचं मोठं घर होतं. त्यांची थोरली बहीण मेहरुन्निसा. सगळे त्यांना आपा म्हणत. त्या लग्न होऊन रंगूनला गेल्या होत्या. नवरा वारल्यावर तिथंच मुलाजवळ राहिल्या. पुढे तिकडे आपल्या हिंदुस्थानी लोकांविरुद्ध दंगे झाले, तेव्हा मुलानं, युसूफनं, आईला माहेरी पाठवून दिलं. तो लाकडाच्या वखारीत कारकून होता. कामाचं आवरून बायकोला घेऊन मागून येतो म्हणाला. आपा बोटीनं कलकत्त्याला उतरल्या, तिथून रेल्वेनं मुर्तिजापूर आणि मुर्तिजापूरहून छोट्या गाडीनं कारंजा. सोबत एक ट्रंक आणि वेताची एक टोपली. टोपलीत ही झाडं.

जनान्यात पुरुष माळी चालणार नव्हता. शेठ स्वतः आमच्या वाडीवर आले आणि सासऱ्यांना म्हणाले, "घरची एखादी बाई पाठवाल का? आपाचे काई रोपटे हायेत. तिनं त्याच्यापायी समद्याईचा जीव खाल्ला."

सासूबाईंना हे रुचलं नाही. तिथं पाणी प्यायचं नाही आणि परत आल्यावर आंघोळ करूनच चुलीजवळ यायचं, अशा अटीवर त्यांनी मला सोडलं. ती अट मी काही महिने पाळली. पुढे ती कधी सुटली ते मला आठवत नाही, आणि सासूबाईंनीही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी गेले तेव्हा आपा आंगणात जमिनीवर बसल्या होत्या. पुढ्यात टोपली. उंच, हाडापेरानं मोठी बाई, डोळ्यांखाली काळं. टोपलीत लांबट बोरासारखे हिरवे गड्डे एकमेकांना चिकटून होते, काहींच्या डोक्यावर एखादं पान, आणि सगळं सागाच्या सालीच्या तुकड्यांना दोऱ्यानं बांधलेलं.

"माती कुठी हाये, आपा?" मी विचारलं.

"माती नाई लागत त्याले."

"मंग खातं काय?"

"हवा खातं. अन् जरासं पानी. जास्त देलं का मरतं, कमी देलं का मरतं."

मला वाटलं, नवरा गेल्याच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलंय. हे मी सासूबाईंना सांगितलंही. पण आपांचं डोकं ठिकाणावर होतं. त्या झाडाचं तिकडचं नाव ताझीन. ऑर्किड म्हणतात ती मोठी जात, त्यातलं हे लहानसं. सकीनानं, म्हणजे आपांच्या सुनेनं, ती झाडं आपा निघताना बांधून दिली होती. सकीना तिकडचीच मुलगी, आई तिची बर्मी.

आता हे काम कसं असतं ते सांगते. ही झाडं रानात दुसऱ्या झाडाच्या सालीला धरून वाढतात, मुळं अर्धी उघड्यावर. आपल्याकडेही मोहाच्या, आंब्याच्या फांदीवर अशी एक जात असते. लोक तिला बांडगूळ समजून ओरबाडतात. बांडगूळ झाडाचा रस पितं, ही बिचारी फक्त बसायला जागा मागतात. मातीत पुरली तर मुळांना वारा लागत नाही आणि ती बघता बघता कुजतात. म्हणून मी कुंभाराला लहान कुंड्या करायला लावल्या आणि कच्च्या असतानाच त्यांना चारी अंगांनी बोटभर भोकं पाडून घेतली. कुंभार म्हणाला, "बाई, यात पानी थांबन कसं?" मी म्हटलं, "थांबाचंच नाही त्याले." तो पुढे कितीतरी दिवस मला रस्त्यात भेटला की हसायचा.

कुंडीत खाली विटेचे तुकडे, वर सुपारीएवढे फोडलेले बाभळीचे कोळसे, मधून मधून नारळाच्या शेंड्या. शेंड्या आधी भिजत घालायच्या, पिळायच्या, पुन्हा भिजत घालायच्या. लाल पाणी निघायचं बंद झालं की वापरायच्या. गड्डे वरच बसवायचे, पुरायचे नाहीत, आणि नवी मुळं कोळशाला धरेपर्यंत सुतळीनं हलके बांधून ठेवायचे. त्या दिवसांत कुंडीला धक्का लागला तर कोवळं मूळ तुटतं. मग सगळं पहिल्यापासून.

पाण्याचं जास्त कठीण. मूळ कोरडं असलं की पांढरं दिसतं, पाणी लागलं की हिरवट होतं. पांढरं झालं की लगेच घालायचं नाही, जरा वाट पाहायची. किती वाट पाहायची, ते उन्हावर, वाऱ्यावर आणि कुंडीच्या वजनावर. पाणी सकाळीच घालायचं. कोवळ्या कोंबाच्या बेचक्यात थेंब राहून गेला तर कोंब काळा पडतो. मी घरी आले तरी माझं मन तिथंच. भाकरी थापताना मध्येच वाटायचं, कडेच्या कुंडीत जास्त झालं का? आमचे हे म्हणायचे, "तुले वाडीतल्या झाडाची एवढी काळजी कधी पाहिली नाई." खरंच होतं. वाडीतलं झाड सुकलं तर दुसरं लावता येत होतं. हे गेलं तर रंगूनहून आणणार कोण?

आणि पाणीही कुठलंही चालत नव्हतं. शेठच्या घरची विहीर मचूळ. ते पाणी वाळलं की मुळांवर पांढरी खपली धरायची. म्हणून पावसाळ्यात पन्हाळीखाली भरून ठेवलेले घरातले रांजण मी वापरायची. ते होळीपर्यंत पुरले. मग आमच्या माळीपुऱ्यातल्या गोड्या विहिरीवरून मी घागर नेऊ लागले.

तो उन्हाळा फार वाईट होता. झळा अशा की दोरीवर टाकलेलं लुगडं पीळ उलगडेपर्यंत वाळायचं. पडवीला तरटाचे पडदे बांधून ते भिजवत ठेवायचे. विहिरीचा तळ दिसायला लागला होता आणि बायका आपापल्या घागरी रांगेत लावून बसायच्या. एका सकाळी मी घागर भरून निघाले तेव्हा भागाबाई आडवी आली. आमच्याच भावकीतली, पदरात लहान लेकरं.

"कोनासाठी नेतं पानी?"

"शेठच्या घरी."

"प्याले?"

मी घागर कमरेवर सावरली.

"फुलाले नेतं ना? मले माहीत हाये. आमच्या लेकराईले घोटभर भेटत नाई अन् तू झाडाले पाजून राह्यली."

तिचं काही चुकत नव्हतं. मी घागर तिच्या हंड्यात रिकामी केली आणि तशीच शेठच्या घरी गेले. आपांना झालं ते सांगितलं. मला वाटलं, त्या रागावतील, किंवा शेठना सांगून दुसरीकडून पाणी मागवतील. त्यांनी ऐकून घेतलं. मग कुंड्यांकडे पाहत बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी गेले तर तोटीच्या लोट्याजवळ एक पितळी परात. आपा म्हणाल्या, "नमाजाच्या आधी वजू करतो मी, त्याचं पानी हाये. हातपाय, तोंड धुतलेलं. साबन नाई, काई नाई. माझ्या वाट्याच्या प्याच्या पान्यातून घेतो. आजपासून हेच घाल."

"पुरंन का?"

"दिवसातून पाच वेळा करतो. पुरवू."

आणि त्यांनी पुरवलं. लहान कुंड्या, लहान लोटा. मी मुद्दाम भागाबाईकडे जाऊन हे सांगितलं, कारण तिच्या डोळ्याला डोळा देणं मला जड जात होतं. ती लेकराचं नाक पुसता पुसता म्हणाली, "मंग ठीक हाये," आणि त्या दिवसापासून पुन्हा बोलायला लागली.

त्या वर्षी थंडी पडायला लागली तशी पानं पिवळी पडून गळायला लागली. एकेका कुंडीत नुसते उघडे गड्डे. मी रडकुंडीला आले. आपा हसल्या, त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. "झोपले ते," म्हणाल्या. "आता पानी बंद. कधीमधी ओला हात झटकाचा, बस." आणि मग त्या उघड्या गड्ड्यांच्या बुडातून दोऱ्यासारखी दांडी निघाली आणि तिला ज्वारीच्या लाहीसारखी बारीक पांढरी फुलं लागली. सकाळी उन्हं यायच्या आत पडवीत गेलं तर वास. मोगऱ्याचा वास अंगावर येतो, हा तसा नाही. उभं राहून वाट पाहिली तर येतो.

फुलं आल्याचं गावात पसरलं. शेजारपाजारच्या बायका पाहायला यायच्या आणि एवढ्याशा फुलासाठी एवढा खटाटोप पाहून माझी कीव करायच्या. आसेगावचे एक वैद्य शेठकडे येऊन बसले. सांधेदुखीवर याचं मूळ लागतं, थोडं द्या म्हणाले. आपांनी पडद्याआडून सांगितलं, "त्याईले म्हना, माझेच गुडघे दुखतात. गुन असता तर मी कवाच खाऊन टाकलं असतं." वैद्यबुवा चहा पिऊन गेले.

अशी दोनेक वर्षं गेली. लढाई सुरू झाली होती, पण ती विलायतेत. युसूफचं येणं लांबत होतं. वखारीचं काम सुटत नव्हतं, मग बोटीत जागा मिळत नव्हती. त्याचं पत्र आलं की आपा ते दिवसभर कुडत्याच्या खिशात ठेवायच्या.

मग एका थंडीत, झाडं झोपलेली असताना, रंगूनवर विमानांनी बॉम्ब टाकल्याची बातमी आली. मी तेव्हा धाकट्या भावाच्या लग्नाला किन्हीराजाला माहेरी गेले होते. मांडवात माणसं बोलत होती तेव्हा मला कळलं. हळद लागायची होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे पडवी आली. लग्न लागलं, वरात आली, आणि मी आईला नाराज करून दुसऱ्याच दिवशी बैलगाडीनं निघाले.

शेठच्या आंगणात पाऊल टाकलं तर फरशी ओली. टांगलेल्या सगळ्या कुंड्यांतून पाणी ठिबकत होतं. आपा लोटा घेऊन एकेका कुंडीपाशी थांबत होत्या. मी जवळ जाऊन एक गड्डा चाचपला. बोट आत गेलं. आंबूस वास आला.

"आपा, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"सुकून चालले होते."

"ते झोपले हायेत. तुमीच सांगतलं होतं मले."

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या आणि पुढच्या कुंडीत पाणी ओतलं.

मी लोटा धरला. त्यांनी सोडला नाही. शेठच्या घरातली मोठी बाई त्या, मी कामाला येणारी. आम्ही दोघी एक लोटा धरून उभ्या. त्या माझ्याकडे न पाहता बोलल्या, "बसून काय करू, सांग मले. करीम रोज पेपर आनतो, त्यात काई नाई. डाकवाला येतो, त्याच्यापाशी काई नाई. एवढंच हाये माझ्या हातात."

"मंग हातातलं मले द्या," मी म्हटलं. "मले शिव्या द्या, मारा, पन लोटा मले द्या."

हळूहळू त्यांची बोटं सैल झाली.

त्या दिवशी मी सगळ्या कुंड्या उतरवल्या. सुरी विस्तवावर धरून कुजलेला प्रत्येक गड्डा कापून काढला. कापलेल्या जागेवर कोळशाची पूड आणि हळद दाबली. आतलं जुनं सगळं फेकलं, नवे कोरडे कोळसे भरले आणि जे उरलं ते पुन्हा बांधलं. निम्म्याहून जास्त गेलं होतं. ज्या दांड्यांना फुलं लागायची त्यातली एकही वाचली नाही. आपा माझ्या शेजारी बसून पाहत होत्या. कापलेला ढीग मी पदराआड करायला गेले तर म्हणाल्या, "लपवू नको. मीच केलं."

मला पुढची काळजी होती. आपांच्या तोंडून एकदाही असं आलं नाही, की झाड गेलं तर युसूफ गेला. तसलं बोलणाऱ्या त्या नव्हत्याच. पण रोज सकाळी मी कुंड्या पाहून वळले की त्या आधी माझ्या तोंडाकडे पाहायच्या. त्यांचं जेवण तुटलं होतं. शेठच्या बेगम सांगायच्या, चार घास खातात आणि उठतात. मला वाटायचं, उरलेलं झाड जर कुजलं तर ही बाई अंथरूण धरेल, आणि ते माझ्या हातून झालेलं असेल. म्हणून मी आत जायच्या आधी दारात उभी राहून तोंड पुसून घ्यायची, म्हणजे त्यावर काही दिसायला नको.

त्यांच्या हाताला काम हवं होतं, हे मला उमगलं होतं. मी त्यांना कोळसे फोडायला दिले. शेंड्या पिळायला दिल्या. एवढ्या कुंड्यांना जेवढं लागेल त्याच्या दसपट कोळसा त्यांनी फोडला. हात काळे, कुडता काळा. बेगम दारात येऊन म्हणाल्या, "आपा, लोहाराचं दुकान टाकता का?" आपा वर न पाहता म्हणाल्या, "टाकीन. तू भाता ओढाले ये."

रंगून पडलं, असं होळीच्या सुमारास कळलं. पुढे ऐकू यायला लागलं की तिथले आपले लोक चालत निघालेत, डोंगर आणि रान तुडवत मणिपूरकडून येताहेत. करीमशेठ गादी सोडून मुर्तिजापूरला जाऊन बसायचे. कलकत्त्याकडून येणाऱ्या गाड्यांतून कुणी उतरलं, की रंगूनचे का, म्हणून विचारायचे. एकदा मंगरूळकडचा एक माणूस भेटला. युसूफ आणि सकीना निघाले होते एवढं त्यानं खात्रीनं सांगितलं. पुढचं त्याला माहीत नव्हतं. निघाले म्हटल्यावर आपांना धीर येईल असं शेठना वाटलं. झालं उलटंच. शहरात आहे असं वाटत होतं तोवर मनात एक घर तरी होतं, आता नुसतं रान.

उन्हाळा चढत गेला. नेहमीच्या हिशेबानं या दिवसांत जुन्या गड्ड्याच्या बुडाशी नवा कोंब फुटतो. मी रोज भिंग लावल्यासारखी पाहायची. एका सकाळी एका कुंडीत हिरवा ठिपका दिसला, तिळाएवढा. मी आपांना सांगितलं नाही. सांगितलं आणि झळेनं तो जळाला तर? दोन दिवस मी त्या कुंडीला ओलं फडकं बांधत राहिले आणि गप्प बसले. तिसऱ्या दिवशी आपा म्हणाल्या, "कोंब मोठा झाला."

"तुमाले दिसला?"

"तुझ्या आधीपासून पाहून राह्यली. सांगतलं नाई. तू घाबरतं म्हनून."

मृग लागायच्या आधीची दुपार होती. मी तरटं भिजवत होते. गादीकडून जनान्यात येणाऱ्या दारात शेठ दिसले. त्यांनी एका माणसाचा दंड धरला होता. त्या माणसाचे कपडे त्याचे नव्हते. अंगावर लोंबत होते. डोकं भादरलेलं, पायांना पट्ट्या. मी पदर पुढे ओढून बाजूला झाले. आपा उठल्या. त्यांनी त्याला ओळखलं हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. त्यांनी त्याच्या मागे, दाराकडे पाहिलं. दारात आणखी कुणी नव्हतं.

"सकीना?" आपांनी विचारलं.

युसूफ खाली बसला. आपा त्याच्याजवळ बसल्या आणि त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी बादली तिथंच ठेवून घरी आले.

पुढे बरेच दिवस युसूफ आतल्या खोलीतून पडवीत आलाच नाही. मला वाटलं, माझ्यामुळे असेल, म्हणून मी काम लवकर आटपून निघायची. उरलेल्या सगळ्या कुंड्यांत कोंब धरले होते. मनाशी मला फार बरं वाटत होतं. एवढ्या धास्तीतून ती वाचवली होती, आणि मुलगाही आला होता. युसूफला एकदा दाखवावीत असं मी आपांना म्हणाले सुद्धा. त्या शेंड्या पिळत राहिल्या.

एका सकाळी तो स्वतःच दारात आला. कुंड्यांकडे पाहिलं आणि आईला म्हणाला, "अम्मी, इन्हें यहाँ से हटा दो."

ते दोघं घरात उर्दूत बोलायचे. मला कळलं ते असं. ज्या रानातून ते चालत आले तिथं झाडाझाडावर हीच जात होती. सकीना चालता चालता त्याला दाखवायची, ते बघा, ते बघा, म्हणून. मग तिला ताप भरला. एका झाडाखाली बसली ती उठली नाही. त्याला माती उकरायला काही मिळालं नाही. लोक पुढे निघत होते. त्यानं वर पाहिलं तर फांदीवर हेच.

आपांनी ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कौतिक, घेऊन जाय."

"कुठी?"

"तुझ्या घरी."

त्या रडल्या नाहीत, शब्दही फिरवला नाही. मला मात्र काहीतरी म्हणायचं होतं. या कोंबांकडे पाहा म्हणायचं होतं. पण त्या मुलाचे पाय अजून पट्ट्यांत होते. मी टोपलं मागितलं आणि कुंड्या उतरवल्या. भर बाजारातून डोक्यावर ते टोपलं घेऊन जाताना मला रडू येत होतं आणि कुणी काय झालं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

सासूबाईंनी टोपल्याकडे पाहिलं. गोठ्याच्या पडवीतली वैरण त्यांनी स्वतः हलवली आणि जागा करून दिली. संध्याकाळी फक्त एवढं म्हणाल्या, "त्या बाईनं परातीत पानी धरून जगवले. आता आपुन मारू नये."

थंडीत फुलं आली की आपा पडदा लावलेल्या बैलांच्या दमणीतून आमच्याकडे यायच्या. घरी कुठे जातात ते सांगत नसत. घोंगडीवर बसायच्या, झाडं पाहायच्या, सासूबाईंशी गुडघ्यांवर बोलायच्या. सासूबाई त्यांना चहा द्यायच्या. सकीनाचं नाव तिथं कुणी घेतलं नाही. स्वराज्य आलं, त्याच्या पुढच्या थंडीच्या आधी आपा गेल्या.

झाडांचं विचाराल तर ती आता नाहीत. पुढे एका उन्हाळ्यात मला मुदतीचा ताप आला, अंथरुणातून उठता येईना. घरच्यांनी जमेल तसं केलं, पण हे जमेल तसं करण्यासारखं काम नव्हे. बरी होऊन पाहते तो सगळ्या कुंड्यांत वाळलेल्या बोरांसारखं काहीतरी. त्याची हळहळ अजून आहे. नंतर मी कितीतरी बागा लावल्या, सरकारी बंगल्यावर काम केलं, गुलाबाला बक्षीसही मिळालं, पण पुन्हा तसली झाडं हाती आली नाहीत.

मात्र त्याआधीचं एक राहिलं. आपा गेल्यानंतर आलेल्या थंडीतली गोष्ट. सकाळी मी गोठ्याच्या पडवीत होते आणि फाटकापाशी युसूफ उभा. आता तो मामाच्या गादीवर बसत होता, दाढी राखली होती, बोलणंही आपल्याकडचं झालं होतं. लग्न त्यानं पुन्हा केलं नव्हतं. मला वाटलं, झाडं अजून ठेवलीत म्हणून बोलायला आला असेल.

"बाई," तो म्हणाला, "फुलं आले असतीन."

"आले हायेत."

तो आत आला, पण पडवीत नाही. बाहेर उखळ पालथं होतं त्यावर बसला. मी विचारलं, एखादी कुंडी देऊ का. नको म्हणाला. "बसतो फक्त." मी काम पुढे चालवावं की नाही ते मला कळेना.

मग तो आपणहून बोलायला लागला. "सकीना मले कारंजा कसं हाये ते सारखं विचारे. मी सांगे, लय ऊन. ते म्हने, मंग अम्मी माझे झाडं मारतीन." तो थोडा हसला. "तिले कारंजा म्हनता ये नाई. कालंजा म्हने."

मी खाली बसले. सकीना कशी हमालांशी भांडायची, स्वयंपाकात कसं सगळ्यात मासळीच घालायची, चालताना पुढे निघून जायची आणि मग तुमीच हळू चालता म्हणून रागवायची, ते तो सांगत गेला. आईला यातलं काही सांगता आलं नाही म्हणाला. सांगायला गेलं की तिचं तोंड पाहवत नव्हतं. ऊन पडवीत पार आतपर्यंत आलं. हाराची फुलं खुडायची राहिली, गिऱ्हाईक फाटकातून हाक मारून परत गेलं, सासूबाई दोनदा डोकावून गेल्या. मी उठले नाही.